कंपनी फिटिंग

थोरल्या मामांची बुलेट १९८६ची. ती दारात आली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. गडहिंग्लजच्या त्या घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी एक वाक्य ऐकावं लागतं : "इंजिन अजून उघडल्यालं न्हाई. कंपनी फिटिंग हाय." माझ्या मामेबहिणीला बघायला आलेल्या लोकांनीही ते ऐकलंय, आणि लग्न तिथंच जमलं म्हणजे पाहुण्यांना ते पटलं असावं.

गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा गाडी निळा धूर सोडत होती. थोरल्या मामी म्हणाल्या, "असू दे, डास तरी जात्यात." पण मामांचा चेहरा उतरला होता. मी डिप्लोमा मेकॅनिकल, पोटापाण्याला कॉम्प्युटर. हाताची खाज भागवायला अशा गाड्या शोधतच असतो. मामांनी आधीच निकाल देऊन टाकला होता : "उचकाटत बसू नकोस. नुसत्या रिंगा टाक."

"नुसत्या रिंगा टाक" (रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या खाचांत बसणारी धातूची कडी) हे आपल्याकडचं फार जुनं औषध आहे. डॉक्टरांनी न तपासता लिहून दिलेल्या गोळीसारखं. कधीकधी लागूही पडतं.

धूर निळा म्हणजे तेल जळतंय, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण ते तेल कुठून आलं, हे धुराच्या वेळेवरून कळतं. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून आलात आणि खाली येऊन थ्रॉटल उघडताच एकदम भपकारा आला, तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी जिच्यातून सरकते त्या नळीवर. बंद थ्रॉटलमुळे तयार झालेली ओढ गाइडमधून तेल खाली खेचते. चढावर ओझं घेऊन चालताना सलग धूर येत राहिला, तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक. मामांना मागं बसवून आजऱ्याच्या रस्त्यावर एक चढ घेतला. मागं वळून बघायची गरज पडली नाही. मागचा टेम्पोवालाच हॉर्न मारून ओरडला.

घरी येऊन प्लग काढला, कॉम्प्रेशन गेज लावला. थ्रॉटल पूर्ण उघडा, सात-आठ किका : काटा ७०च्या आसपास. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि परत किका : ९५. तेलानं रिंगा आणि बोअर यांच्यातली फट तात्पुरती बुजवली म्हणून दाब वाढला. दोष व्हॉल्व्हमध्ये असता तर काटा फारसा हलला नसता. मात्र चमचा म्हणजे चमचाच. पळीभर ओतलंत तर तेलच वरची जागा व्यापतं, दाब उगाच वाढलेला दिसतो आणि आपण खुशाल खोट्या निष्कर्षावर येतो.

तर मामांचं निदान अर्धं बरोबर होतं. ते लगेच बाजारात गेले आणि स्टँडर्ड साइजचा रिंगांचा सेट घेऊन आले. कंपनी फिटिंग म्हटल्यावर दुसरा कुठला आणणार?

टाकी उतरवली, हेड काढलं, बॅरल (ज्यात बोअर असतो तो भाग) वर उचललं. बुलेटचं जुनं लोखंडी इंजिन यासाठी मला आवडतं : सिलिंडरचा व्यास ७० मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ९० मिमी, आणि सगळं हात घालता येईल असं ऐसपैस. बॅरल उजेडात धरलं. आतून आरशासारखं चकचकीत. मामा खूश झाले, "बघ, काचंवानी हाय!" मी काही बोललो नाही. बोअर काचेसारखा असणं ही काही चांगली बातमी नव्हे, पण ते पुढं सांगतो.

पहिली तपासणी नखानं करायची. बोअरच्या वरच्या तोंडातून नख भिंतीवरून खाली नेलं की काठापासून थोड्या अंतरावर ते एका पायरीवरून घसरतं. त्या पायरीच्या वर रिंग कधी पोचतच नाही, म्हणून तिथली भिंत कारखान्यातून आली तशीच राहते. खाली मात्र ती झिजत जाते. इथं नख नुसतं घसरलं नाही, परत वर आणताना अडकलं.

बोअर सगळीकडं सारखा झिजत नाही, यात मला पहिल्यापासून गंमत वाटत आलीय. कुणालाही वाटेल की पिस्टन मधोमध सगळ्यांत जोरात धावतो, तर झीज तिथं जास्त असणार. होतं उलटं. मधल्या भागात वेगामुळं रिंग आणि भिंत यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर टिकून राहतो, रिंग त्याच्यावर तरंगत जाते. ओल्या फरशीवर पळताना चप्पल घसरते आणि उभं राहिलं की टेकते, तसंच. वर टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो आणि वळतो. मिनिटाला ३००० फेरे असतील तर सेकंदाला ५० फेरे, म्हणजे वर ५० वेळा आणि खाली ५० वेळा थांबणं. वरच्या दर दुसऱ्या थांब्यावर नेमका तेव्हाच स्फोट होतो. तेल उष्णतेनं पातळ झालेलं, थर तुटलेला; त्यात जळता वायू खाचेत शिरून रिंगेला पाठीमागून बाहेर दाबतो. ती भिंतीवर सगळ्यांत जोरात तिथंच टेकते. खालच्या थांब्याला ना तेवढा दाब, ना तेवढी उष्णता. म्हणून बोअर हळूहळू वर रुंद, खाली अरुंद होतो. वरून धुळीचा हातभार. उसाच्या ट्रॉल्यांचे रस्ते, आणि मामांनी मधली काही वर्षं "आवाज खुलतो" म्हणून एअर फिल्टर काढून ठेवला होता, हे मामींनी स्वयंपाकघरातून सांगितलं.

आता अशा बोअरमध्ये नुसत्या रिंगा टाकल्या तर? जुनी रिंग पायरीच्या कलानं स्वतःही झिजलेली असते. तिचा वरचा कोपरा गोल झालेला असतो. त्या दोघींचं जमलेलं असतं. नव्या रिंगेचा कोपरा धारदार. ती वर जाते आणि पायरीला ठोकर मारते. सेकंदाला पन्नास वेळा. थोड्याच दिवसांत वरची रिंग तुटते किंवा पिस्टनची खाच फुटते, आणि मग तुकडे बोअरमध्ये नांगर धरतात. मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आधी टाकून तर बघ." आणि दुपारची झोप काढायला आत गेले.

माझ्याजवळ बोअर गेज नव्हता. एक व्हर्निअर आणि एक फीलर गेज (फट मोजायची वेगवेगळ्या जाडीची पोलादी पानं), बस. पण रिंग हीच एक मोजपट्टी असते. ती बोअरमध्ये ठेवायची, पिस्टनच्या उलट्या डोक्यानं ढकलून सरळ बसवायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट मोजायची. नव्या रिंगेला ही फट मुद्दाम ठेवलेली असते. तापल्यावर रिंग लांबते. फट नसेल तर टोकं एकमेकांना भिडून ती भिंत ओरबाडते. व्यासाच्या दर इंचाला चार थाऊ हा कारागिरांचा सर्वसाधारण हिशेब. ७० मिमी म्हणजे पावणेतीन इंच, म्हणजे अकरा थाऊ, म्हणजे जवळपास ०.२८ मिमी. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सुताराचं सूत इंचाचा आठवा भाग असतं. आपल्याकडं दोन्ही मापं एकाच गल्लीत सुखानं नांदतात.)

खरी मजा पुढं आहे. बोअरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या तीन पटीहून थोडा जास्त त्याचा परीघ वाढतो. सातवीतलं बावीस सप्तमांश. रिंगेची लांबी तीच राहते, म्हणून परिघातली सगळी वाढ फटीत दिसते. व्यासात ०.१ मिमी वाढ झाली की फट ०.३१ मिमीनं वाढते. जी झीज व्हर्निअरला धड पकडता येत नाही, ती रिंग तिप्पट मोठी करून दाखवते.

म्हणून सुरुवात खालच्या तोंडापासून. तिथं रिंगा पोचत नाहीत, झीज जवळपास नसते. नवी स्टँडर्ड रिंग तिथं ठेवली तर फट ०.३ मिमीच्या आसपास यायला हवी, ही नुसती खात्री करून घ्यायची.

रिंग ठेवली. फट साडेतीन मिमी.

फीलर गेजची सगळी पानं एकत्र केली तरी आत हलत होती, शेवटी व्हर्निअरनं मोजली. वाटलं पाकीट चुकलं. पाकिटावर साइज बरोबर होती. दुसरी रिंग ठेवली, तीच गत. जिथं झीज होतच नाही तिथं झीज एवढी? रिंगांच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं मांडलं : ३.५ वजा ०.३, ३.२. भागिले ३.१४. उत्तर १.०२ मिमी.

आकडा ओळखीचा वाटला. १.०२ मिमी म्हणजे चाळीस थाऊ.

ओव्हरसाइज पिस्टन वीस, चाळीस, साठ असे येतात. बोअर झिजला की तो तेवढा मोठा करून घ्यायचा आणि त्या मापाचा पिस्टन टाकायचा. मी पिस्टन उचलला, डोक्यावरचा कार्बनचा काळा थर लाकडी पट्टीनं खरवडला (स्क्रू ड्रायव्हरनं नाही, ॲल्युमिनिअम लगेच ओरखडतं), पेट्रोलच्या फडक्यानं पुसलं. खालून ठसठशीत आकडा वर आला : ४०.

आतून मामांच्या घोरण्याचा आवाज येत होता. मी पिस्टन फडक्यात गुंडाळला आणि टूलबॉक्सच्या तळाशी ठेवला.

आयुष्यात ती गाडी घराबाहेर एकाच दुसऱ्या माणसाच्या हातात गेलेली. मी चिंचवडला धाकट्या मामांना फोन लावला. "मामा, बुलेटचा पिस्टन बदलला होता का हो कधी?"

बराच वेळ काही नाही. मग एकदम हळू आवाजात : "दादा शेजारी हाय काय?"

१९९३चा मे. धाकटे मामा मिरजेला मुलाखतीला जातो म्हणून गाडी घेऊन निघाले आणि आजरा-आंबोलीवरून सावंतवाडीला उतरले. तिथं एक मुलगी होती. येताना घाट चढताना गाडी जड झाली. वाटलं, चढच आहे. थ्रॉटल पिळला. मग मागचं चाकच धरलं. तेल बघायचं राहून गेलं होतं. पिस्टन बोअरला चिकटला होता आणि भिंतीवर नखानं ओरबाडल्यासारख्या खोल रेघा पडल्या होत्या. टेम्पोत घालून गाडी परत सावंतवाडीत. "वीसमध्ये रेघा जाईनात म्हणाला मिस्त्री. सरळ चाळीस मारलं." चार दिवस लागले. घरी सांगितलं, मुलाखत लांबली. पैसे मुलीच्या भावानं दिले. तेव्हा तो अजून मेव्हणा नव्हता.

"दादाला सांगू नकोस," अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मला म्हणाला.

पुढची मोजणी आता वेगळ्याच ओझ्यानं केली. जुनी रिंग घेतली, ती चाळीसच्या मापाचीच. खालच्या तोंडाशी फट १.१ मिमी, वर पायरीच्या लगेच खाली १.९. फरक ०.८, भागिले ३.१४, म्हणजे पाव मिमी. बोअर वर पाव मिमी रुंद झालाय, दहा थाऊ. आठ थाऊच्या पुढं गेलं की रिबोर, असा जुन्या लोकांचा दंडक. शिवाय खालच्या तोंडाशीच १.१ भरली म्हणजे ती रिंग स्वतः झिजली होती. खाचाही तपासल्या. जुनी रिंग मोडून तिच्या तुकड्यानं खाच साफ करायची, त्याहून नेमकं हत्यार मिळत नाही. वरच्या खाचेत नवी रिंग धरून फीलर घातला तर नको तेवढं मोठं पान सहज शिरलं. अशी ढिली रिंग वर-खाली होताना तेलाचा पंप बनते. पिस्टन बादच.

पण रिंगेला एक गोष्ट सांगता येत नाही. ती वाकते, जुळवून घेते. बोअर अंडाकृती झाला असला तरी तिला तो गोलच वाटतो. ती सरासरी सांगते. त्यासाठी दोन दिवसांनी बॅरल पिशवीत घालून कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो.

उसाच्या चरकांची आणि विहिरीवरच्या ऑइल इंजिनांची दुरुस्ती करता करता या गावानं ओतकाम शिकून घेतलं. अजूनही उद्यमनगरच्या बोळात शिरलं की कूलंट आणि लोखंडाच्या कीसाचा वास येतो. मिस्त्री सत्तरीचे. बॅरल हातात घेतलं, अंगठा आत फिरवला आणि म्हणाले, "धा थाऊ. मागनं जास्त." मग डायल बोअर गेज घातला, माझ्या समाधानासाठी. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना : एकदा पुढं-मागं, एकदा डावी-उजवी. खाली ७१.०३. वर पुढं-मागं ७१.३०, आडवं ७१.२३. सरासरी काढली तर माझ्या रिंगेच्या हिशेबात आणि त्यांच्या डायलमध्ये दीड शतांश मिमीचा फरक निघाला. मी ते त्यांना अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, "मग आलासा कशाला?"

आलो होतो त्या सात शतांशांसाठी, म्हणजे ७१.३० आणि ७१.२३ मधल्या. स्फोट पिस्टनला सरळ खाली ढकलतो, पण त्याला खालच्या क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तेव्हा तिरका असतो, त्यामुळे पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर रेलतो. बुलेटचा क्रँक पुढच्या दिशेनं फिरतो, म्हणून तो रेलतो मागच्या भिंतीवर. गोल भोक अंडाकृती होतं ते असं. गंमत म्हणजे नवा पिस्टनही गोल नसतोच. रॉड ज्या पिनेवर अडकवतात तिच्या बाजूला धातू जास्त, तिथं तो जास्त फुगतो, म्हणून त्या दिशेनं तो मुद्दाम बारीक घासलेला असतो. म्हणून पिस्टनचं माप पिनेला काटकोनात, स्कर्टच्या, म्हणजे रिंगांखालच्या घेराच्या, खालच्या भागात घ्यायचं. पिनेच्या बाजूनं मोजणारे "पिस्टन झिजलाय" म्हणून चांगला पिस्टन फेकून देतात. मी स्वतः एक फेकलाय.

"साठ मारू?" मिस्त्रींनी विचारलं. सोपा, स्वस्त मार्ग तोच. पण साठचा पिस्टन मामांच्या हातात पडला असता, तर "वीस कुठं गेलं, चाळीस कुठं गेलं" हे विचारायला त्यांना एक सेकंद लागला नसता.

"स्लीव्ह घालून स्टँडर्ड करता येईल?"

"येतंय की. पण कशाला खर्च?"

मी त्यांना सगळं सांगितलं. ते इतके हसले की चहा परत मागवावा लागला. धाकट्या मामांनी संध्याकाळी न विचारता पैसे पाठवले, तीस वर्षांच्या व्याजासकट असावेत.

बॅरल आतून कापून मोठं करायचं, त्यात ओतीव लोखंडाची नळी बसवायची. नळी भोकापेक्षा किंचित मोठी. बॅरल तापवून प्रसरण पावलं की ती आत दाबायची, गार झालं की बॅरल तिला घट्ट धरतं. ही नळी फिरत्या साच्यात ओततात. जड धातू बाहेर फेकला जातो, हलकी मळी आतल्या बाजूला येते, ती कापून टाकली की खाली उरतं दाट, एकजिनसी लोखंड. मग बोअरिंग, आणि शेवटी होनिंग.

आता त्या काचेबद्दल. लहानपणी गल्लीत "टाकीऽऽये पाट्याला" असं ओरडत बाई यायची. पाटा वापरून गुळगुळीत झाला की त्याच्यावर वाटण वाटलं जात नाही, नुसतं घसरतं. ती छिन्नीनं त्याला बारीक टिचे मारून परत खरबरीत करायची. होनिंग म्हणजे बोअरला टाकी लावणं. दगड फिरतो आणि त्याच वेळी वर-खाली होतो, त्यामुळे भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी पडते. रेघांमध्ये तेल थांबतं आणि उंचवट्यांवर नवी रिंग स्वतःला घासून बसवून घेते. मामांची काच म्हणजे टाकी उडालेला पाटा होता. तेल त्यावर धरत नव्हतं.

स्कर्ट आणि भिंत यांच्यातली फट किती ठेवायची, यावर मिस्त्री म्हणाले, "चार थाऊ. लोखंडी बॅरल हाय, घट्ट केलं तर पुन्हा आंबोली व्हायची."

जोडणीच्या रविवारी थोरले मामा खुर्ची घेऊन शेजारी बसले. धाकटे मामा चिंचवडहून "सहज" आले होते आणि बॅटरी धरून उभे होते, जिची भर दुपारी गरज नव्हती. नव्या रिंगांच्या फटी नव्या बोअरमध्ये मोजल्या, ०.३. टोकं एका रेषेत येऊ नयेत म्हणून एकतृतीयांश वळशावर फिरवली. थोरल्या मामांनी चष्मा लावला, नवा पिस्टन उचलून उन्हात धरला.

"एस टी डी," त्यांनी वाचलं. "स्टँडर्ड. बघ, म्हटलं न्हवतं? अजून कंपनीच्याच मापात हाय. आणि तू उद्यमनगर काय नि काय."

धाकट्या मामींना स्वयंपाकघरात जोराचा ठसका लागला.

पहिले पाचशे किलोमीटर जपून चालवा, पण उगाच उभी ठेवून घरघरत ठेवू नका, चढ-उतार द्या. रिंगेच्या पाठीमागं दाब आला नाही तर ती बसत नाही. हे मी तीनदा सांगितलं. पहिल्या किकेला जोडताना लावलेलं तेल जळालं, थोडा निळा धूर आला आणि दोन मिनिटांत थांबला. थोरल्या मामी म्हणाल्या, आता डासांचं बघायला पाहिजे.

जुना पिस्टन धाकटे मामा टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले. चिंचवडला त्यांच्या टीपॉयवर तो उलटा ठेवलाय, डोकं खाली, पोकळ भाग वर, पेनं ठेवायला. गेल्या महिन्यात थोरले मामा तिकडं गेले होते. पार्सलवाला आला, सही हवी होती, तर त्यांनी त्यातलंच एक पेन उचललं.